चोविसावा खडा

सौंसर तालुक्यात संत्र्याचा सौदा उभ्या झाडावर होतो. फळ हिरवे असतानाच नागपूरचा व्यापारी बगीच्यात येतो. मालक त्याला सावलीत बसवतो, चहा पाजतो आणि खोटे बोलतो. व्यापारी चहा पितो आणि त्याहून मोठे खोटे बोलतो. मग ज्याच्यावर दोघांचाही विश्वास आहे असा तिसरा माणूस पुढे होतो. तो झाडाभोवती एक फेरी घालतो, मान वर करून फांद्यांत पाहतो, जमिनीवर थुंकतो आणि आकडा सांगतो. तोडणीच्या दिवशी फळे मोजली की आकडा पाच-दहाने पुढेमागे निघतो, त्याहून जास्त नाही. रामाकोन्याचे भैय्याजी हे असे तिसरे माणूस होते. देवळात त्यांनी प्रदक्षिणा घातल्याचे कोणाच्या पाहण्यात नव्हते. झाडांभोवती मात्र लाखभर झाल्या असतील.

चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात भज्यांच्या एका ताटानंतर त्यांच्या उजव्या बरगडीखाली कळ उठली आणि दोन दिवस उतरली नाही. नागपूरला रात्री गोळ्या खायला घालून सकाळी पोटाचा फोटो काढला गेला. पित्ताशयात खडे आहेत, पिशवीच काढून टाकावी लागेल, साधे ऑपरेशन आहे, असे तिथल्या डॉक्टरने सांगितले. भैय्याजींचे तेवढ्याने समाधान झाले नाही.

"किती हायेत?"

"बरेच आहेत."

"बरेच म्हंजे? मी व्यापाऱ्याले बरेच संत्रे हायेत म्हनलो, त तो मले बगीच्यात शिरू देईन का?"

घरी आल्यावर त्यांनी तो काळा फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि झाडाकडे पाहावे तसे त्याच्याकडे पाहिले. शेजारी गुणवंता उभा होता. गुणवंता त्यांचा बालमित्र. धंदाही तोच, फक्त आकड्यात नेहमी भैय्याजींच्या चाळीस-पन्नास फळे मागे.

"पुढून दिसते ते पंधरा," भैय्याजी म्हणाले. "मांगच्या आंगाले, पानाआड असतात तशे, आनखी आठ. अन् एक इकडं, खोडाले लागून. तो फोटोत येत नाही, पन असते. चोवीस."

"तेवीस," गुणवंता म्हणाला. "खोडाले लागून काही नाही. तुमाले सवय हाये एक जास्त सांगाची."

पैज लागली. हरेल त्याने सौंसरच्या बाजारात, भर व्यापाऱ्यांत उभे राहून 'मले झाड कळत नाही' असे तीनदा म्हणायचे. पैशाची पैज दोघांनीही लावली नाही. पैसा काय, येतो आणि जातो.

हे सगळे भैय्याजींचा मुलगा वसंत दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होता. वसंत सौंसरच्या शाळेत मास्तर होता. बापाच्या तोंडून जेवढे शब्द एका सकाळी बाहेर पडत, तेवढे त्याला महिनाभर पुरत. वर्गातली मुलेसुद्धा त्याचा आवाज ऐकू यावा म्हणून गप्प बसत, आणि त्यामुळे शिस्तीचा मास्तर म्हणून त्याचे फुकटचे नाव झाले होते.

ऑपरेशन पांढुर्ण्याला ठरले. तिथल्या दहा खाटांच्या एका खाजगी दवाखान्यात आठवड्यातून एकदा नागपूरचे सर्जन गाडीने येत, दिवसभर कापत आणि संध्याकाळच्या गाडीने परत जात. पोळ्याच्या आदल्या दिवशी भैय्याजींचा नंबर लागला. टेबलावर चढताना त्यांनी सर्जनला एवढेच बजावले, "मोजून काढजा. चोवीस हायेत. एक लपून बसते."

दुपारी कंपाउंडरने स्टीलच्या ताटलीत खडे आणून दाखवले. पिवळट, तपकिरी, कडेने झिजलेले, हरभऱ्याएवढे, तुरीएवढे. गुणवंताने ते तीनदा मोजले आणि तिसऱ्यांदा मोजताना त्याचा चेहरा लग्नघरासारखा उजळला. तेवीस.

भुलीतून अर्धवट वर आलेल्या भैय्याजींचा पहिला शब्द होता, "किती?"

"तेवीस, भैय्याजी."

"एक डॉक्टरनं गिळला," भैय्याजी म्हणाले आणि पुन्हा झोपी गेले.

त्याच वेळी सर्जन वसंतला व्हरांड्यात घेऊन गेले होते. त्यांच्या एका हातात कोणा पेशंटने दिलेली मक्याच्या कणसांची गोणी होती. दुसऱ्या हातातली रुंद तोंडाची काचेची बाटली त्यांनी वसंतच्या हाती दिली. आत पातळ औषधात एक सुरकुतलेली, हिरवट पिशवी बुडून राहिली होती. बापाची जन्मभराची कडूजहर जीभ जिथून चालत होती, ती जागा एवढीशी असेल असे वसंतला वाटले नव्हते.

"हे पित्ताशय," सर्जन म्हणाले. "खडे सगळे निघाले. पण भिंतीत, यकृताच्या बाजूला, एक जागा टणक लागली. खड्यासारखीच, पण खडा नाही. बहुधा जुनी सूज असेल. तरी तपासलेली बरी. ही चिठ्ठी. नागपूरच्या प्रयोगशाळेत नेऊन द्या."

"आणि सूज नसली तर?"

सर्जनांनी घड्याळ पाहिले. "तर कॅन्सर. तसे असेल तर लवकर पुन्हा उघडावे लागेल. त्यात दिवस घालवून चालत नाही. औषधात आहे, नासणार नाही, पण आठ दिवसांच्या आत पोचवा." मग ते कणसांची गोणी सांभाळत रिक्षात बसले. कणसे नागपूरला पोचवायला त्यांच्याकडे हात होता, बाटली पोचवायला नव्हता, हे वसंतच्या ध्यानात रिक्षा वळल्यावर आले. त्याला योग्य गोष्टी नेहमी रिक्षा वळल्यावरच सुचत.

बाटली त्याने कापडी पिशवीत घालून खाटेखाली ठेवली. दुसऱ्या दिवशी पोळा, नागपूर बंद. तिसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार. जाम नदीच्या दोन तीरांवर पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांना दगड मारत असताना स्टेशनापर्यंत डोके शाबूत नेणे कठीण. चौथ्या दिवशी सकाळच्या गाडीने जावे, असे त्याने ठरवले. आईला, शकुबाईला, तो एवढेच म्हणाला, "माय, त्या बाटलीला हात लावू नकोस."

"काय हाये तिच्यात?"

"बाबूजींची पिशवी. पित्ताची."

कशासाठी ठेवली, हे त्याने सांगितले नाही. तो शब्द त्याच्या गळ्याशी येऊन थांबला होता. बाहेर काढला तर तो खोलीभर पसरेल, खाटेवर चढेल, बापाच्या उशाशी बसेल, असे त्याला वाटत होते. न बोललेली गोष्ट अजून पुरती घडलेली नसते, अशी त्याची लहानपणापासून समजूत होती. तिच्यावर तो बत्तीस वर्षे जगला होता.

पोळ्याच्या पहाटे शकुबाई रामाकोन्याला गेली. बैलजोडीला ओवाळायला घरची बाई नसेल तर कसे चालेल? मळके कपडे धुवायला नेते म्हणून तिने खाटेखालचे सगळे सामान उचलले. संध्याकाळी वसंतने खाली वाकून पाहिले, तर तिथे फक्त भैय्याजींच्या चपला होत्या.

आई गोटमारीच्या दिवशी येऊ शकणार नव्हती. बस बंद होत्या. तो दिवस वसंतने जखमी लोकांच्या गर्दीत काढला. दवाखान्याच्या फरशीवर फुटलेल्या डोक्यांची रांग लागली होती, आणि भैय्याजी खाटेवरून मान वळवून एकेक डोके पाहून, कंपाउंडरने सुई ओवण्याआधीच टाक्यांचा आकडा सांगत होते. "याचे सात. त्याचे अकरा, मांगं बी फुटलं हाये. सावरगाववाल्याहिचा नेम यंदा चांगला दिसून राहिला." दुपारपर्यंत जखमी लोक टाके घालून झाल्यावर त्यांच्या खाटेपाशी येऊन आकडा पडताळून जाऊ लागले. भैय्याजी खूश होते. फक्त मधूनच उशाशी ठेवलेली खड्यांची छोटी शिशी हलवत आणि कान लावून ऐकत, जणू आतून चोविसावा ओ देईल.

शकुबाई चौथ्या दिवशी पहाटेच्या पहिल्या बसने करंज्यांचा डबा घेऊन उतरली. वसंतने तिला व्हरांड्यातच गाठले.

"माय, ती मोठी बाटली?"

"पुरली."

"पुरली म्हणजे?"

"म्हंजे पुरली. खड्डा केला, ठेवली, हयदकुंकू वाह्यलं, माती लोटली. आनखी कशी पुरतात? तुह्या बापाच्या आंगातलं मास हाये ते. काय नालीत फेकाचं होतं? का पांढुर्ण्याच्या कुत्र्याहिनं वढत न्यावं?"

"बाटलीसकट?"

"झाकनच निंगत नव्हतं. अन् वास असा का डोये झोंबले. राहू दे म्हनलं, मडकं काय अन् काच काय, धरतीले सारखंच."

"कुठं पुरली?"

शकुबाईने ओठ घट्ट मिटले. बाळंतपणात पडलेली वार असो की कापून काढलेले काही असो, अंगातून आलेले आपल्याच मातीत जायचे आणि जागा कोणाला कळू द्यायची नाही, हा तिच्या आईचा, आजीचा शिरस्ता. "तुही वार कुठं पुरली ते तुह्या बापाले आजवर ठावं नाही. सांगितलं का कोनी करनी करते."

"डॉक्टरांना ती परत पाहिजे."

"त्याहिले कायले? एकडाव काढून घेतली, आता वापस लावतात का?"

इथे वसंतला तो शब्द बोलता आला असता. समोर आई होती, हातात करंज्यांचा डबा होता, आणि बापाचे हसू खिडकीतून ऐकू येत होते. तो म्हणाला, "सरकारी नियम आहे. प्रत्येक पिशवीची नोंद द्यावी लागते."

"सरकारचं तोंड जयो," शकुबाई म्हणाली. पण सरकारपुढे तिचा धीर खचला. "हिरीपासून सातवी वळ. पाचवं झाड. मी संग येत नाही. ज्यानं पुरलं त्यानं पुन्हा पाहू नाही."

त्याच सकाळी नागपूरच्या गाडीऐवजी वसंत रामाकोन्याच्या बसमध्ये बसला. घरचा संत्र्याचा बगीचा पावसाने चिंब होता. हिरव्या संत्र्यांवरून पाणी ओघळत होते आणि वाऱ्याची झुळूक आली की सगळी झाडे एकदम डोके पुसल्यासारखी हलत. त्याने विहिरीपासून ओळी मोजल्या, सातव्या ओळीतले पाचवे झाड गाठले आणि कुदळ चालवली. काही नाही. मग चौथ्याखाली खोदले, मग सहाव्याखाली. ज्या हातांनी खडूखेरीज काही उचलले नव्हते, त्यांना दुपारपर्यंत फोड आले. एका झाडापाशी कुदळीला काहीतरी खणकन लागले आणि तो गुडघ्यांवर बसून हातांनी माती उकरू लागला. पण ते जुन्या गाडग्याचे खापर निघाले, आतबाहेर मातीने भरलेले. ते त्याने बाजूला ठेवले आणि पुढच्या झाडाकडे वळला. दुसऱ्या दिवशीही तेच. सर्जनांनी दिलेल्या आठ दिवसांतले पाच संपले होते. कॅन्सर बापाच्या पोटात आहे की नाही हे कोणाला माहीत नव्हते, आणि ज्या वीतभर मातीला ते माहीत होते, ती त्याला सापडत नव्हती.

सहाव्या दिवशी तो सातवी ओळ संपवून आठवीकडे पाहत असताना गुणवंता बांधावरून गेला. त्याने मास्तरकडे पाहिले, झाडांची उघडी मुळे पाहिली, आणि सरळ पांढुर्ण्याची बस धरली.

"भैय्याजी, तुमचा मास्तर पागल झाला," त्याने खाटेपाशी उभे राहूनच सांगितले. "सातव्या वळीतली सारी झाडं उकरली. बहार झडला त मंग मले म्हनू नका का सांगितलं नाही."

भैय्याजींनी बायकोकडे पाहिले. "अवं वसंताच्या माय, काय पुरलं तुनं बगीच्यात? मले न सांगता सोनं केलं का?"

"सोनं!" शकुबाई उसळली. "तुमची पित्ताची पिशवी पुरली. सरकार वापस मांगून राहिलं म्हनते तुमचा लेक."

भैय्याजी हसू लागले. हसता हसता टाके ताणले गेले तशी त्यांनी उशी पोटावर दाबून धरली आणि "अगं माय, मेलो," म्हणत आणखी हसले. गुणवंता हसला. पलीकडच्या खाटेवरचा, डोक्याला अकरा टाके असलेला पांढुर्ण्याचा गडीही हसला. मग हळूहळू भैय्याजींचे हसू थांबले, आणि उशी मात्र त्यांनी तशीच धरून ठेवली.

संध्याकाळी वसंत आला. धोतराला चिखल, हाताला चिंध्या बांधलेल्या.

"बस," भैय्याजी म्हणाले. "पुरलेलं सोनं लोक उकरते. पित्त कोनी उकरत नाही. सरकारबी नाही. काय म्हनला तो डॉक्टर?"

वसंतने फरशीकडे पाहिले. फरशीवर गोटमारीच्या दिवसाचा एक तपकिरी डाग अजून होता. "भिंतीत एक टणक जागा लागली म्हणाले. खड्यासारखी, पण खडा नाही. तपासून... कॅन्सर आहे का ते पाहायचे."

शब्द बाहेर पडला. खोलीभर पसरला नाही, उशाशी बसला नाही. खाटेवरच्या चादरीवर एखादी माशी बसावी तसा बसून राहिला. शकुबाईने पदर तोंडाला लावला.

"कोन्या बाजूले?" भैय्याजींनी विचारले.

"काय?"

"जागा. कोन्या बाजूले लागली?"

"यकृताकडे. आतल्या अंगाला."

"खोडाले लागून," भैय्याजी म्हणाले. ते गुणवंताकडे वळले, आणि त्यांच्या डोळ्यांत, वसंतला पुढे कितीतरी दिवस खरे वाटले नाही, पण खरोखर विजय होता. "चोवीस, गुणवंत्या."

"तो खडा नाही ना पन," गुणवंता म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखा लागला नाही.

"फय नसन. पन झाडावर त होतं."

मग भैय्याजींनी उशी बाजूला सारली आणि डोळे मिटले, बगीचा डोळ्यांपुढे आणण्यासाठी मिटावे तसे. "अवं, कोनती वळ म्हनली तू?"

"सातवी. पाचवं झाड," शकुबाई पदराआडून म्हणाली.

"तू मोजली कशी? जिथं झाड हाये तेवढ्याच वळी मोजल्या?"

"मंग काय नसलेल्या मोजू?"

"तिसरी अन् चवथी वळ डिंक्यानं मेली, आठ साल झाले. झाडं उपटली, जागा रिकाम्याच हायेत," भैय्याजी मुलाला म्हणाले. "तू माहा लेक, तू मेलेल्याहिच्या जागा धरून मोजत असशीन. हे जित्तं तेवढं मोजते. इची सातवी म्हंजे आपली नववी. नवव्या वळीतल्या पाचव्याचं खोड मी दुखाच्या आंधी खरवडलं होतं, माती भुसभुशीत असन. इचा खांदा दुखते, कठीन जागी इले खड्डा होत नाही. जाय सकायी. अन् सातवी वळ बुजवून ये आंधी, मुया उघड्या ठेवल्या त पोलिसात देईन."

"तिथं एक खापर निघालं," वसंत म्हणाला. दुसरे काय बोलावे ते त्याला कळले नाही. "जुनं. बाजूला ठेवलं आहे."

शकुबाई पदर सोडून ताठ झाली. "सातव्या वळीत? खापर? ते तुहं हाये! तुह्या वक्ताले तिथं तूर होती. आंधी जाऊन झाक ते, वसंता. हयदकुंकू वाह्य. आपलीच वार उकरनारा पहिला पाह्यला मी."

"मास्तर हाये तो," भैय्याजी म्हणाले. "मुयापासून शिकवते."

सातव्या दिवशी वसंतने आधी खापर जागेवर ठेवले. त्यावर माती लोटताना त्याचा हात थांबला. आपण जगात आलो तेव्हा आपल्यातले एक काहीतरी इथे राहिले, आणि मग त्यावर तूर उगवली, संत्री उगवली, कोणी विचारले नाही. ह्या विचाराने त्याला रडू यावे की हसू, हे ठरेना. शेवटी पाऊस आला आणि तो नवव्या ओळीकडे धावला. कुदळ दुसऱ्याच घावाला काचेला लागली. बाटलीच्या झाकणावर कुंकवाचा ओला डाग अजून होता.

आठव्या दिवशी नागपूरच्या प्रयोगशाळेतल्या कारकुनाने बाटली उजेडात धरली, झाकण चोळले आणि बोटाकडे पाहिले. "हे काय? रक्त आहे का?"

"कुंकू," वसंत म्हणाला.

"का?"

"पूजा केली होती."

कारकुनाने आयुष्यात पुष्कळ पाहिले असावे. त्याने नंबर टाकला, पावती फाडली आणि दहा दिवसांनी या म्हणून सांगितले.

दहा दिवसांनी वसंत गेला तेव्हा अहवाल तयार होता. तो घेऊन तो सर्जनांच्या नागपूरच्या दवाखान्यात गेला. सर्जनांनी तो एकदा वाचला, पुन्हा वाचला, आणि या वेळी घड्याळाकडे पाहिले नाही. कॅन्सरच होता. खड्यांसाठी काढलेल्या पिशवीत, कोणी न शोधता सापडलेला. अजून भिंतीतच दिसतो आहे, म्हणजे संधी आहे. पण यकृताचा लगतचा तुकडा आणि भोवतीच्या गाठी काढाव्या लागतील, नागपूरलाच, याच महिन्यात.

"आणि मग बरे होतील?"

"सांगता येत नाही. होतात काही जण. पण तुम्ही ही बाटली विसरला असतात, तर मला हे सहा महिन्यांनी पोट फुगल्यावर कळले असते, आणि तेव्हा काहीच करता आले नसते."

परतीच्या बसमध्ये वसंतने चार खोट्या गोष्टी तयार केल्या. पहिली सौंसर येईपर्यंत त्यालाच पटेनाशी झाली. दुसरी आईला पटली असती, पण बापाला नाही. तिसरी इतकी सुंदर होती की ती सांगताना आपण रडू असे त्याला वाटले. चौथी आता आठवत नव्हती. भैय्याजी घरी आले होते. बगीच्यात नवव्या ओळीच्या तोंडाशी खाट टाकून पडले होते आणि गुणवंता पायथ्याशी बसून त्यांच्या चुकांची यादी सांगत होता. शकुबाई चुलीला लागणाऱ्या काटक्या गोळा करत होती.

वसंत जवळ आला. भैय्याजींनी त्याचा चेहरा पाहिला. एक फेरी मारायचीही गरज पडली नाही.

"चोविसावा?"

"हो," वसंत म्हणाला. आणि एवढे बोलल्यावर बाकीचे सगळे त्याला बोलता आले: यकृताचा तुकडा, गाठी, नागपूर, याच महिन्यात. एका दमात तो इतके बोलला की गुणवंताने त्याच्याकडे वळून पाहिले, हा मास्तर बोलतो हे पहिल्यांदाच कळल्यासारखे.

"मंग किती बहार भेटतात म्हनते?"

"सांगता येत नाही म्हणाले."

"सत्तर झाडं कापून झाली असतीन त्याची, अन् उभ्या झाडाचा अंदाज नाही?" भैय्याजींनी जमिनीवर थुंकून घेतले. "असा मानूस आपल्या धंद्यात एक दिवस टिकला नसता. चालते. कापाले चांगला हाये ना? मोजाचं मी पाहून घेईन."

ते नवव्या ओळीतल्या पाचव्या झाडाकडे बराच वेळ पाहत राहिले. खरवडलेल्या खोडावर मोरचूद-चुन्याचा निळा लेप वाळला होता. यंदा त्या झाडाला सगळ्यांत जास्त फळ होते. किती, ते त्यांनी सांगितले नाही आणि कोणी विचारले नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी गुणवंता एकटाच सौंसरला गेला. भैय्याजींनी त्याला पैजेची आठवण दिली नव्हती. व्यापाऱ्यांच्या घोळक्यात, सौदे ऐन रंगात असताना, तो उभा राहिला आणि मोठ्याने तीनदा म्हणाला, "मले झाड कळत नाही." लोक पोट धरून हसले. शाळेच्या फाटकातून वसंतने ते ऐकले. गुणवंता तिथून निघाला तेव्हा त्याने तोंड पुसायचे निमित्त करून डोळे पुसले, आणि रामाकोन्यात येऊन याबद्दल अवाक्षर काढले नाही.

नागपूरला जायच्या सकाळी शकुबाई पिशवी भरत होती. धोतरे, टॉवेल, करंज्यांचा डबा. पहिली बाटली प्रयोगशाळेने ठेवून घेतली, परत देत नाहीत, हे कळल्यापासून ती दोन दिवस कोणाशी धड बोलली नव्हती. आता तिने ठरवले होते की या वेळी आपण स्वतः ऑपरेशनच्या दाराशी बसायचे.

"आंधी तपासू देजो," भैय्याजींनी बजावले. "मंग पुर जिथं पुराचं तिथं. अन् जागा मले सांगजो. उगा पोराले झाडं खोदाले लावू नको."

"तुमाले सांगन. दुसऱ्या कोनाले नाही," ती म्हणाली. तीस-पस्तीस वर्षांत तिने नवऱ्यासाठी मोडलेला तो पहिला शिरस्ता होता.

मग तिने फळीवरून एक लहानसे, नवे, लाल गाडगे उतरवले, पदराने पुसले आणि टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातले. वसंत दाराशी उभा होता. भैय्याजींनी चपला पायात सरकवत त्या पिशवीत डोकावून पाहिले, गाडगे हातात घेऊन वजन केले, उजेडाकडे धरून त्याचे पोट निरखले.

"हे लहान हाये," ते म्हणाले. "मोठं घे. काय काय काढतीन, सांगता येत नाही."